माझा कोट नॉर्वेला जाऊन आला

…आणि वर मलाच सांगतात, 'शांतारामराव, एकदा जाऊन याच!' अहो, जाऊन याच काय जाऊन याच? माझ्या लेकीचं घर आहे ते! मी तुम्हाला सांगायचं, का तुम्ही मला? पण नाही. फरीदाबादच्या आमच्या मराठी मंडळात एक माणूस असा उरला नाही, ज्यानं मला माझ्याच मुलीच्या घरी जाऊन यायचा सल्ला दिलेला नाही. परवा भाजीच्या गाडीपाशी, कोथिंबीर निवडता निवडता, तिकडं जाऊन आलेल्या आमच्या शेजारच्या सुमित्रावहिनी म्हणाल्या, 'भावजी, तिथलं पाणी काय हो निळं! तुम्ही कसे अजून गेला नाहीत?' आणि तो भाजीवाला, ज्याचा नॉर्वेशी काडीचा संबंध नाही, तोही म्हणतो, 'हो आओ अंकलजी, एक बार.' आता बोला.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा सटकला. मी शांताराम बेलसरे. केंद्र सरकारात जन्म गेला, सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालो, फरीदाबादला फ्लॅट घेतला. एकुलती एक मुलगी, कादंबरी. ती असते नॉर्वेत. बर्गन म्हणून शहर आहे, त्याच्याही पुढं, एका फ्योर्डच्या काठावर. फ्योर्ड म्हणजे काय, हे मला झोपेतून उठवून विचारा! डोंगर चिरत समुद्र कुठल्या कुठं आत घुसलेला, दोन्ही अंगांना उभे कडे, कड्यांवरून धबधबे, मधून आपली बोट चाललेली… आपली म्हणजे त्यांची. मी कुठं पाहिलीय! पण माहिती सगळी आहे, कारण आमची कादंबरी तिथं एका टूर कंपनीत आहे आणि तिचं काम काय, तर 'आमच्या फ्योर्डला का यावं' याची कारणं लिहायची. इंग्रजीत, हिंदीत, आणि हो, मराठीतसुद्धा. कारणं लिहायचा पगार मिळतो हो! मी नोकरीभर लोकांकडून कारणं मागितली, 'जस्टिफिकेशन जोडलेले नाही' असं लिहून फायली परत धाडल्या, आणि माझ्याच पोटी ही कारणांचा कारखाना. ती जायला निघाली तेव्हाही मी एवढंच विचारलं होतं, कारण काय? इथं काय कमी आहे? तिनं कारणं दिली. मी म्हटलं, पटत नाहीत. ती गेली. मग मी आठवडाभर फोनवर आलो नाही… बरं, महिनाभर. पण कारण विचारणं हा काय गुन्हा आहे का? तुम्हीच सांगा.

तर दिल्लीत वाढलेली पोर, तिचं मराठी घरापुरतं. 'भूक लागली'पासून 'झोप आली'पर्यंत. त्यामुळं रविवारी फोन येतो. मला वाटतं, बापाची आठवण झाली. 'बाबा, ते वरून थोडं थोडं पाणी येतं ना, वॉटरफॉल नाही, छोटावाला, त्याला काय म्हणतात?' म्हटलं, झरा म्हण, ओहोळ म्हण. 'आणि पाणी बिल्कुल हलत नाही, तसं?' म्हटलं, संथ. 'आणि बाबा, रात्री अकरा वाजले तरी उजेड असतो, पण हलकावाला?' आता तो उजेड मी बघितलाय का? पण बाप आहे ना. डोळे मिटले, विचार केला, म्हटलं, 'संधिप्रकाश.' 'वॉव बाबा!' आणि फोन बंद. म्हणजे कारणं तिची, शब्द माझे, आणि बोटीत जाऊन बसणार कोण? तर आमचे शेजारी हरीश टिळेकर!

त्या कारणांतलं पहिलं कारण काय, माहितेय? 'इथली हवा.' बरोबर आहे. आमच्याकडं नोव्हेंबरात समोरची बिल्डिंग दिसेनाशी होते, आहे हे आठवणीनं ओळखायचं. मग शांतता. मग ती आगगाडी, डोंगरावरून थेट समुद्राकाठी उतरणारी. मग शेळीच्या दुधाचं तपकिरी चीज, जे सुमित्रावहिनींनी मला आणून दिलं आणि जे चवीला, खोटं कशाला बोलू, चिक्की आणि साबण यांच्या मधलं काहीतरी होतं, तरी मी ते आठवडाभर पुरवून खाल्लं. पण शेवटचं कारण ऐका. 'आईवडिलांना घेऊन यावं असं ठिकाण. चालायला हलका चढ, बोटीत बसायला आरामाच्या खुर्च्या.' हा 'हलका चढ' कुणी दिला? मी! मला म्हणाली होती, 'बाबा, म्हाताऱ्या माणसांना त्रास होणार नाही, असा स्लोप, त्याला काय म्हणू?' मी मोठ्या आनंदानं सांगितलं. मीनाक्षीला, म्हणजे आमच्या हिला, स्वयंपाकघरात जाऊन म्हटलंसुद्धा, 'आपला विचार चाललाय हो तिच्या डोक्यात.' आणि तो चढ निघाला टिळेकरांसाठी.

बोलावलं का नाही? अहो, बोलावते की! 'नेक्स्ट इयर पक्का, बाबा.' आधी घर लहान होतं. मग घर मोठं झालं, तर म्हणे, उन्हाळ्यात सीझन असतो, मला मरायला फुरसत नसते. म्हटलं, मग हिवाळ्यात येतो. तर म्हणे, हिवाळ्यात दिवसभर अंधार असतो, तुम्ही बघणार काय? अहो, तुला बघणार! तुला बघायला उजेड कशाला लागतो आम्हाला? पण हे बोलतो का आपण? मी म्हटलं, अच्छा, ठीक आहे, तब्येतीला जप.

लोक म्हणतात, मग टूरबरोबर जा ना यार. मीनाक्षी म्हणाली, 'लेकीच्या दारात झेंडेवाल्याच्या मागून रांगेत जायचं? बिल्ला लावून?' न बोलावता लेकीकडं जात नाहीत, ही आमच्या घरातली रीत. माझी आई माझ्या बहिणीच्या घरचं पाणी पीत नव्हती पोर होईपर्यंत. आम्ही तेवढे जुने नाही हो, आम्ही पाणी पिऊ. पण 'या' तर म्हणा कुणीतरी!

आता कोट. ती गेली त्याच वर्षी मी करोल बागेत जाऊन कोट घेतला. जाड, काळा, गुडघ्यापर्यंत. दुकानदारानं विचारलं, 'कहाँ जाना है सर?' मी म्हटलं, नॉर्वे. त्याला ऐकू गेलं होतं, तरी परत एकदा म्हटलं. घरी आणला, मीनाक्षीनं डांबराच्या गोळ्या घालून कपाटात टांगला, आणि बोलावण्याची वाट बघत तो कोट तिथं लटकला. पासपोर्टही काढून ठेवले. मग एक दिवस हरीश आला. 'शांतारामराव, आम्ही निघालो फ्योर्डला! कादंबरीनं काय लिहिलंय हो, संधिप्रकाश काय, ओहोळ काय, वाचूनच तिकीट काढलं. तुमचा तो कोट पडूनच आहे ना?'

पडूनच! मी म्हटलं, घेऊन जा. काय म्हणणार? मंडळातला माणूस, उद्या माझ्या तिरडीला खांदा देणारा. मीनाक्षीनं वर पिशवी दिली. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू. हरीश परत आला तो फुलून. 'काय पाहुणचार केला हो पोरीनं! स्वतः पिठलं केलं, गॅलरीत बसवलं, समोर फ्योर्ड! एकदा जाऊन याच!' आणि निघता निघता जिन्यात म्हणाला, 'अरे हो, कोट ओळखला बरं का तिनं. म्हणाली, बाबांचा ना हा? बाहीवरून हात फिरवला.' मी म्हटलं, 'मग?' 'मग काय, आमची बोट सुटत होती.'

तो गेल्यावर मी त्या कोटाचा वास घेतला, हसू नका, घेतला. डांबराच्या गोळ्या उडून गेल्या होत्या. ओल्या लाकडासारखा काहीतरी वास येत होता. माझ्या मुलीच्या घराचा वास मला टिळेकरांकडून कळला!

पुढच्या वर्षी करोल बागेचे खंडेराव. गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान, देह दुकानाएवढा. कोटाचं वरचं बटण तोडून आणलं आणि म्हणाले, 'एकदा जाऊन याच!' तिसऱ्यांदा कोट कुणी नेला ते सांगत नाही, ते आत्ता इथंच बसलेत. मान खाली घालू नका हो, चालायचंच. सांगायचा मुद्दा, माझा कोट तीनदा नॉर्वेला जाऊन आला. मी इथल्या शेजारच्या बल्लभगढच्या पुढं गेलो नाही.

बरं, तिनं इथं यावं म्हटलं, तर आम्ही कारण काय द्यायचं? दिल्लीच्या मराठी माणसाकडं गावाकडून पाहुणा आला की आपण त्याला कुठं नेतो? पानिपतला! हायवेनं दोन-तीन तास हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि आपण जिथं हरलो ती जागा बघून, दिवसभर उदास होऊन परत यायचं. त्यांच्याकडं फ्योर्ड, आमच्याकडं पानिपत. कोण येणार?

पण आली! या जानेवारीत आली. आमच्यासाठी नाही हो, कामासाठी. कंपनीची मालकीण, तिची मॅडम, नॉर्वेच्या लोकांनी भारतात का यावं याची कारणं शोधायला निघाली, दिल्ली, आग्रा, जयपूर. त्यातली एक दुपार फरीदाबादला. मीनाक्षीनं पहाटेपासून पुरण घातलं. बेल वाजली, दार उघडलं, कादंबरी, तिच्या मागं मॅडम, आणि मॅडमच्या हाताला धरून एक म्हातारी. मॅडमची आई, इंगेबोर्गबाई. त्याच फ्योर्डकाठी जन्म गेलेला, इंग्रजी येत नाही, गुडघे दुखतात, पण लेक म्हणाली, 'चल आई, भारत बघू,' आणि आणलं तिनं. मीनाक्षीनं त्या म्हातारीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि पुरणपोळी वाढायला आत गेली. बराच वेळ आतच होती.

कादंबरी कुडकुडत होती. 'बाबा, तिकडे थंडी बाहेर असते, तुमच्याकडे घरात असते.' मी कपाटातून कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला. तो तिच्या घोट्यांपर्यंत आला. ती तो गुंडाळून बसली.

इंगेबोर्गबाईंनी दोन पोळ्या खाल्ल्या, तूप पुन्हा मागितलं, मग काहीतरी विचारलं. कादंबरी पोळीचे तुकडे मोडत राहिली. म्हातारीनं परत विचारलं. तेव्हा ही म्हणाली, 'बाबा, त्या विचारतायत… तुम्ही आमच्याकडे कधी आला होतात?'

आता आली का पंचाईत! जन्मभर दुसऱ्याला कारणं विचारणारा मी, माझ्याकडं एक कारण नाही. घर लहान होतं म्हणू? अंधार असतो म्हणू? त्यांच्याच गावचा अंधार त्यांना सांगू? मी ताटाकडं बघत बसलो. मीनाक्षी म्हणाली, 'सांग त्यांना, आमचे पासपोर्ट काढून ठेवलेत.'

कादंबरीनं सांगितलं. मीनाक्षीचं वाक्य एवढंसं, नॉर्वेजियनमध्ये ते चांगलं लांबलं. काय सांगितलं कुणास ठाऊक. म्हातारीनं हातातला घास खाली ठेवला, कादंबरीकडं पाहिलं, जसं आपली आई पाहायची ना, चार लोकांत बोलता येत नसलं की, तसं. मग मीनाक्षीचा हात धरला आणि काहीतरी म्हणाली. कादंबरीनं कोटाची बाही ओढून घेतली, ताटाकडं बघत म्हणाली, 'त्या म्हणतायत… या. एकदा याच.'

बघा, 'जाऊन या' म्हणणारे ढीगभर भेटले होते. 'या' पहिल्यांदा ऐकलं, तेही लेकीच्या तोंडून. बोलणं दुसऱ्याच्या आईचं होतं, असू दे. मी चाळीस वर्षं सरकारात काढलीत, याला काय म्हणतात मला ठाऊक आहे. थ्रू प्रॉपर चॅनल! मी लगेच पोच दिली. म्हटलं, येतो.

निघाल्या. धुकं होतं, गाडी दिसेनाशी झाली, आणि मीनाक्षी म्हणाली, 'अहो, कोट घेऊन गेली ती.' तुम्हाला सांगतो, मला इतका आनंद झाला! कारण मिळालं हो! तिच्या त्या सगळ्या कारणांत नव्हतं ते खास माझं कारण. फ्योर्डला का जावं? माझा कोट तिथं आहे म्हणून! याला कुठला ऑफिसर नाही म्हणेल?

दोन-तीन महिने धीर धरला आणि उन्हाळा लागताच फोन केला. म्हटलं, 'बाळा, कोट तुझ्याकडंच राहिलाय. न्यायला यावं लागेल असं दिसतं.' ती हसली. म्हणाली, 'अरे बाबा, टेन्शन नका घेऊ. टिळेकर काकांचे साडू येतायत ना जूनमध्ये? त्यांच्याबरोबर पाठवते.'

पाठवला. परवाच आला, इस्त्री करून, खंडेरावांनी तोडलेलं बटण नवीन लावून. चांगलं घट्ट शिवलंय पोरीनं. कपाटात टांगलाय, डांबराच्या गोळ्याही घातल्यात. तेव्हा तुमच्यापैकी कुणी पुढच्या सीझनला निघणार असेल तर आत्ताच सांगून ठेवा, कोट आहे माझ्याकडं. पडूनच आहे. आणि तिथं काय, हवा आहे, पाणी आहे, संधिप्रकाश आहे, चढ अगदी हलका आहे… एकदा जाऊन याच!