दहा सेकंदांचं रोप

दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोन शिक्षिका बोलत होत्या.

“बी उगवायला किती वेळ लागतो, असं तिसरीच्या पेपरात विचारलं होतं मी. पोरांनी लिहिलं, दहा सेकंद.”

“अगं बाई! हे कुठून काढलं?”

“मीच व्हिडिओ दाखवला होता. तो भरभर पळवलेला असतो, हे सांगायचंच राहिलं. मागे बसून वह्या तपासत होते ना!”

“सगळ्यांनी तेच लिहिलं?”

“एकीने लिहिलं, पाच दिवस. घरी डबीत वाटाणा पेरला होता म्हणे.”

“बघ, एक तरी हुशार निघाली.”

“व्हिडिओ चालू असतानाच म्हणाली होती, ‘बाई, इतक्या लवकर नाही उगवत.’”

“मग?”

“मधे बोलते म्हणून वर्गाबाहेर उभं केलं तिला.”