तिन्ही चॅनलवरचं रुग्णालय

सासूबाई : तो रिमोट ठेव खाली. हेच चॅनल राहू दे.

सून : आई, हे हल्ला करणाऱ्यांचं चॅनल आहे. खोटं बोल पण रेटून बोल, असा त्यांचा कारभार.

सासूबाई : असेल. पण त्यांच्या खोट्यात दादूच्या रुग्णालयात दिवे लागलेत. बघ, पार वरच्या मजल्यापर्यंत.

सून : चित्रं जुनी असतील.

सासूबाई : जुनी तर जुनी. दिवे लागलेत म्हणजे जनरेटर चालू. आणि तो चालू म्हणजे माझा लेक त्याच्यापाशी उभा. ते धूड दुसऱ्या कुणाचं ऐकतं होय?

सून : सकाळपासून हेच बघत बसलात?

सासूबाई : हेच नाही, तिन्ही. ज्यांच्यावर बॉम्ब पडले ते म्हणतात, रुग्णालय जमीनदोस्त. ज्यांनी टाकले ते म्हणतात, रुग्णालयाला धक्का नाही, शेजारचा लष्करी तळ तेवढा उडवला. आणि तुझं चॅनल...

सून : काय म्हणतं?

सासूबाई : मला विचारतेस? खाली सरकणाऱ्या पट्ट्या तूच लिहितेस ना? ‘वादग्रस्त परिसरात स्फोट.’ परिसर! माझा मुलगा परिसरात नोकरीला आहे होय गं?

सून : मी ‘रुग्णालयावर बॉम्ब’ असंच लिहिलं होतं. संपादकांनी खोडलं. म्हणाले, पक्कं कळेपर्यंत जपून शब्द वापर.

सासूबाई : आणि तू ऐकून घेतलंस.

सून : भांडले. भर ऑफिसात, सगळ्यांसमोर. तर म्हणाले, नवरा तिथं अडकलाय, तुझं चित्त थाऱ्यावर नाही, घरी जा.

सासूबाई : म्हणून आज लवकर आलीस. मला वाटलं, काही कळलं म्हणून आलीस. 

सून : काही कळलं नाही, आई. तेच तर. संपादकांचं सगळं चूक होतं असंही नाही. मला तरी कुठं माहीत आहे तिथं काय झालंय? आणि खरं सांगू? पट्टी बदलली तेव्हा क्षणभर बरंच वाटलं मला. ‘परिसर’ म्हटलं की त्यात जीव वाचायला जागा असते.

सासूबाई : ये. इथं माझ्याजवळ बस.

सून : रोजच बघते मी. एकाची ‘मुक्तता’ ती दुसऱ्याची ‘घुसखोरी’, आणि आमचा आपला ‘तणाव’. कुणी माणसांना बळी म्हणतं, कुणी नुसतं नुकसान. इतके दिवस ते शब्दच होते. आता कुठल्या शब्दाखाली हा सापडेल, म्हणून एकेक उचलून बघतेय.

सासूबाई : मला शब्द कळत नाहीत. मी आपली माणसं बघते. स्ट्रेचर उचलणाऱ्यांत कुणी निळ्या शर्टातला दिसला की जीव टांगणीला लागतो.

सून : निळा इथंच आहे. कपाटात.

सासूबाई : नेला नाही?

सून : जायच्या आदल्या दिवशी घातला होता. मी अजून धुतला नाही तो.

सासूबाई : धुऊ नकोस.

(फोन वाजतो.)

सून : हॅलो? हॅलो! अरे, कुठं आहेस तू?

मुलगा : तळघराच्या जिन्यात. इथंच काय ती रेंज येते.

सून : लागलंय का तुला? खरं सांग.

मुलगा : कान वाजताहेत, बाकी धड आहे. मागची बाजू पडली, पुढची उभी आहे. पेशंट सगळे खाली आणलेत. सगळे म्हणजे... होते तेवढे.

सासूबाई : दे, दे इकडं. दादू! जेवलास का रे राजा?

मुलगा : बॉम्बमध्येसुद्धा तुझा पहिला प्रश्न हाच! खाल्लं गं. परत कधी येता येईल ते मात्र विचारू नकोस. रस्ते बंद आहेत.

सासूबाई : नाही विचारत.

मुलगा : मागं कोण ओरडतंय एवढं?

सासूबाई : टीव्ही. तुझ्याच रुग्णालयाचं चाललंय.

मुलगा : बंद करा तो. आणि ऐका, आता काही बोलू नका. फोन ओट्यावर ठेवा आणि दोघी स्वयंपाकाला लागा.

सून : अरे, लाइन तुटेल. काहीतरी बोल ना.

मुलगा : तुटेपर्यंत तरी घरची भांडी वाजू देत माझ्या कानात.