योपआजोबांचं पितळ आणि माझी सुती साडी

माझा जन्म खडकीचा, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वसाहतीतला. वडील काडतुसाची पितळी नळकांडी बनवायच्या प्रेसवर, आमचा पाळणासुद्धा प्रेसच्या ठोक्यावर हलायचा, काय सांगू तुम्हाला. पुढं लग्न झालं, नवऱ्याला हॉलंडात आइंडहोवनला चिपच्या मशिनींचं काम मिळालं, मी मागनं डिपेंडंट व्हिसावर, आणि बसून कंटाळले म्हणून डबे सुरू केले, फराळही करते, माझ्या चकलीचा आवाज बेल्जियमपर्यंत जातो.

शेजारी योपआजोबा, सत्तरीच्या पुढचे, एकटे, नेमबाजीचा नाद. लायसन्स होतं, काडतुसं घरीच शेडमध्ये, टेबलावरच्या हातप्रेसवर भरायचे. कोरोनात क्लब बंद, दुकानात नवी काडतुसं मिळेनात, आणि जुनी झाडलेली नळकांडी फुगलेली, बंदुकीत जाईनात. डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या पोलादी साच्यात, दाबून परत मापात आणायची तर यांच्या खांद्यात जोर नाही. मला म्हणाले, बूरफ्राउ, म्हणजे शेजारीणबाई, क्लब उघडायच्या आत हे जमलं नाही तर बंदूक विकून टाकतो. पाळलेलं कुत्रं कुणाला देऊन टाकावं तसं म्हणाले.

म्हणलं मी दाबते की. तर नाही, दीड मीटर लांब राहायचं! शेड एवढंसं, आणि त्यांच्या मुलीनं फोनवर दम भरलेला. मग मी माझी जुनी सुती साडी आणली, एक टोक त्यांना प्रेसच्या दांड्याला बांधायला लावलं, दुसरं धरून मी बागेत. ओढा म्हणाले, ओढली. टेबल भिंतीपासून सुटलं, शेड जर्मनीकडं सरकलं, आणि नळकांडं मेलं अर्ध्यातच अडून बसलं.

आजोबा म्हणाले, विकतोच. म्हणलं थांबा हो, सोऱ्या कुणी एका दमात दाबतं का? वडील म्हणायचे, पितळेला श्वास घेऊ द्यावा. तेल पोळीला पुसतात तेवढंच, जास्त झालं की खळगे पडतात. अर्धं दाबायचं, सोडायचं, नळकांडं जरा फिरवायचं, परत दाबायचं, पुरतं आत गेलं की क्षणभर थांबायचं. आजोबा आत फिरवतायत, मी पावसात ओढतेय, गल्लीतले लोक सायकली थांबवून बघतायत की ही बाई म्हाताऱ्याला साडीनं बांधून ठेवते की काय. पण एकेक नळकांडं बंदुकीत असं बसलं, जसं काही तिथंच जन्मलं.

क्लब उघडला. पहिलीच गोळी बरोब्बर मधोमध, फक्त निशाण शेजारच्याचं होतं.

आता दीड मीटर गेलं, मी खुशाल आत जाऊ शकते, पण साडी दांड्याला आहे तशीच आहे. झाडलं की पितळ फुगतं, नेम चुकला तरी फुगतंच. मग आजोबा कुंपणावरनं हाक मारतात, बूरफ्राउ, साडी! जाते मी. बंदूक काही विकली नाही त्यांनी. राहोत बापडे सुखात. माझं काय, हात आहेत तोवर ओढायचं.