घरच्याले कायची मजुरी?

...नाही, मजुरी वाढली, चांगलं झालं, माझं काही म्हणणं नाही! पण मले सांगा, दर वाढला बोरगावच्या कंपनीत, वाढीव पैसे आले आमच्या शेडातल्या कुसुमताईच्या हातात, अन् पाणी फिरून राहिलं माझ्या पहिल्या दिवाळीवर, हा कुठला न्याय? घरात मी बोलत नाही. सारं पांढुर्णा म्हणते, पुंडलिकरावची नवी सून मोठी शांत! म्हणून तर इथं बोलून राहिले. आता ऐका!

झालं असं, सरकारनं कमीत कमी मजुरीचा दर वाढवला. बोरगावची कंपनी नवा दर देऊन राहिली, वरून बाया न्यायले बस! अन् पुंडलिकराव म्हणजे आमचे मामाजी, माझे सासरे, त्यांचं संत्रा छाटणीचं शेड. बाया ढिगाजवळ बसतात, मोठं फळ या क्रेटात, लहान त्या क्रेटात, डागी बाजूले. एका सकाळी पाहते तर ढीग आहे, बाया नाही! साऱ्या चौकात बसची वाट पाहत उभ्या, सगळ्यात पुढं कुसुमताई, हातात डबा. मामाजी चपला शोधत धावले.

"काहून वो कुसुम, इतक्या वर्षांचं नातं आपलं..."

"नातं आहेच ना जी भाऊ! दिवाळीले फराळाले येईन. आता सरका, बस येऊन राहिली."

काय करतात? नवा दर कबूल! बाया परत ढिगाजवळ. चांगलं झालं, माझं काही म्हणणं नाही.

मग मामाजीची काटकसर सुरू. पहिले बायांचा चहा बंद! आता तो चहा करत होती मीच, मी मनातल्या मनात पेढे वाटले! पण बिनचहाच्या बाया कुठं राहतात का? उठल्या, साऱ्या मिळून टपरीवर. तिथं चहा झाला, मग कोणाच्या तरी भाचीची सोयरीक जमली, मग एकेकीची सासू निघाली... अन् इकडे माल न्यायले आलेला गाडीवाला हॉर्न वाजवून राहिला! मामाजी आले माझ्याकडे, "मानसी, चहा ठेव बेटा. आलं जरा जास्तच टाक."

मग म्हणे, दोघी कमी करू. जयवंताले अन् मालतीले घरी बसवलं. बिचारी जयवंता जाताना म्हणते कशी, "मजुरी वाढली म्हणता, माही तं होती तेही गेली!" अन् दोघींच्या जागी कोण? मामाजीनं चष्म्यावरून नजर फिरवली, पंख्यावरून, फ्रिजवरून... अन् माझ्यावर येऊन थांबली. "हे काय, आहे ना आपली मानसी! घरच्याले कायची मजुरी?"

खरी गंमत पुढंच आहे! आमच्या समोरच्या खोलीत सासूबाईंचं साड्यांचं दुकान. पहिले बाया साडीले नुसता हात लावून जात. आता मजुरी भेटली की सरळ दुकानात, "सरलाकाकू, ती वरची काढा, काठाची!" रात्री जेवताना मामाजी कपाळावर हात मारतात, "या मजुरीनं मले बुडवलं!" अन् सासूबाई भात वाढता वाढता, "सरकारनं अजून वाढवली पाहिजे बापा, काठाच्या संपल्या." पैसा शेडातून निघाला, कुसुमताईच्या पदराले शिवला अन् सासूबाईच्या गल्ल्यात परत! अन् उलगडलेल्या साड्यांच्या घड्या कोण घालते? मीच! घरच्याले कायची मजुरी?

हेही चाललं असतं हो. पण पहिली दिवाळी, सौंसरले माहेरी जायचं, आई रोज फोन करून राहिली... अन् मामाजी म्हणतात, "ऐन सीझनमध्ये कुठं जाते बेटा? पाडव्याले सकाळी जाय, संध्याकाळी ये." दिवाळसण का बँकेचं काम? मी नवऱ्याकडे पाहिलं. ऋषिकेश वरणात काही हरवल्यासारखा चमचा फिरवून राहिला!

दुसऱ्या दिवशी ढिगाजवळ कुसुमताई हळूच म्हणे, "सूनबाई, बोलून काही भेटत नसते. आमी बोललो का? डबा घेऊन उभ्या राहिलो."

मी शांत बाई. सकाळी डबा भरला अन् चौकात जाऊन उभी राहिले.

मामाजी या खेपेले चपला न घालताच आले! "मानसी! तू? पुंडलिकरावची सून कंपनीत? लोक काय म्हणतील?"

मी इतकंच म्हटलं, "मामाजी, सरका. बस येऊन राहिली."

"जाय बाई, माहेरी जाय! चांगली भाऊबीज करूनच ये! जयवंताले बोलावतो, नव्या दरानं!"

पाहा, जयवंताले काम भेटलं, मले दिवाळी भेटली, अन् माझ्या दिवसाची किंमत काय ते मामाजीले पहिल्यांदा समजलं! चांगलं झालं का नाही?

ऋषिकेशसंगं सौंसरले पोहोचले. बॅग अजून हातातच, तर आई दारातून, "बरं झालं वो माय आली! फराळाच्या ऑर्डरींचा ढीग पडला, अन् आपली गुलाब गेली ना काम सोडून! बोरगावले लागली, कंपनीत. घे हा साचा, चकल्या पाड."

मी म्हटलं, "आई... अन् मजुरी?"

"ऐका!" आई ऋषिकेशकडे पाहून हसली, "घरच्याले कायची मजुरी?" जावईबापू गरम चकली फुंकून राहिले.

मी साचा ठेवला, डबा शोधला, चपला घातल्या... तर गुलाब दारातच उभी, नवी साडी नेसून, फराळाले आलेली. म्हणे, "कुठं चालली ताई? दिवाळीची बस बंद आहे. आमाले भरपगारी सुट्टी!"