ब्रेक ढिला की आवळलेला?

ताई: पान्यांच्या पेटीत, पार तळाशी, ग्रीसच्या फडक्यात गुंडाळून! औषध ठेवायची जागा आहे ही?

धाकटा: ताई, माझ्या पेटीला हात कुणी लावला?

ताई: तुझ्या बायकोने. तिला हातोडी हवी होती, हाताला लागल्या या गोळ्या. महिनाभराच्या. रडत फोन केला तिने मला.

धाकटा: वा! म्हणजे नणंद-भावजयीचं आधीच शिजलंय. पंधरा वर्षं तुमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, आणि माझ्यावर पाळत ठेवायला बरी एकी झाली!

ताई: झाली. तुझ्याच कृपेने. का घेतल्या नाहीस ते सांग.

धाकटा: विश्वास नाही म्हणून. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, तू होतीसच की तिथे. मेंदूत म्हणे काही रसायनं पेशींना पळवतात, काही आवरतात. आवरणारं एक आहे, गाबा.

ताई: गाभा?

धाकटा: गाबा गं! काय ऐकत बसली होतीस? तर ते म्हणे उदास माणसांत कधी कधी कमी पडतं. मेंदूचा ब्रेक ढिला.

ताई: मग?

धाकटा: मग काय मग? लिफ्टचा मेकॅनिक आहे मी. ब्रेक ढिला असेल तर गाडी पळायला हवी. मी चार दिवस कामावर नाही, दुपारी दोनपर्यंत अंथरुणातून उठत नाही. दात घासायचं जिवावर येतं. माझा ब्रेक आवळलाय, आणि या बाई गोळ्या देऊन तो आणखी आवळणार! माझ्यातलं गाबा मोजलं तरी का त्यांनी? मीटर लावल्याशिवाय मी साधा फ्यूज बदलत नाही.

ताई: मोजलेलं नाही, असं त्या स्वतःच म्हणाल्या. हे एकच कारण असतं असं नाही, हेही म्हणाल्या.

धाकटा: मोघम बोललं की हात झटकायला मोकळं.

ताई: बरं बाबा. ती ग्रंथालयाची लिफ्ट बंद पडली होती, तिचं काय झालेलं? ब्रेक जाम झालाय म्हणणाऱ्या मॅनेजरला तू वेड्यात काढलं होतंस.

धाकटा: होताच तो दीडशहाणा. ब्रेक जाम कुठला, झिजला होता. लिफ्टची गाडी मजल्यावर ठरेना. जरा घसरली की मोटर तिला वर ओढणार, पुन्हा घसरली की पुन्हा ओढणार. आत माणूस नाही, दार बंद, तरी मोटर चालूच. शेवटी तापली आणि आपोआप बंद पडली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं...

ताई: काय वाटतं?

धाकटा: ...अडकली.

ताई: झोप लागते तुला?

धाकटा: शब्दात पकडू नकोस.

ताई: सरळ विचारतेय.

धाकटा: नाही लागत. डोक्यात तेच तेच. कुणाला काय बोललो, कुठला बोल्ट सैल राहिला. बंदच होत नाही गं. पण यावरून काही सिद्ध होत नाही, हां!

ताई: नसेल होत. मला कुठे डॉक्टर व्हायचंय? मला दुसरंच विचारायचंय. सोमवारी तू लिफ्टच्या शाफ्टमध्ये सुरक्षेचा पट्टा न लावता उतरलास. तुझा जोडीदार सांगत होता.

धाकटा: तोही फितूर! विसरलो असेन.

ताई: वीस वर्षांत किती वेळा विसरलास?

धाकटा: विसरलो नव्हतो, ताई.

ताई: हे डॉक्टरीणबाईंना सांगितलंयस?

धाकटा: नाही.

ताई: मग फॉल्ट सापडणार कसा? गिऱ्हाईक अर्धंच सांगतं म्हणून तूच बोंबलत असतोस ना?

धाकटा: लाव फोन. गोळ्यांचं सांगतो, पट्ट्याचंही सांगतो. पण स्पीकरवर ठेव. माझ्या पाठीमागे काय बोलता ते मला कळू दे.

ताई: ठेवते. हं, वाजतोय. तू बोल मोकळेपणाने, मी बाहेर थांबते.

धाकटा: नको. इथेच बस.