तिरपा काप

…नाही नाही, रागावलोय कुठं मी, जावईबापू? बसा. त्या उलट्या बादलीवर बसा, स्टुलाचा पाय मोडलाय. लेकीनं पाठवलं ना — जा, बाबांना समजावून आणा, तुमचं ऐकतात ते? ऐकतो की. पण आधी हे बघा. कडुलिंबाचं रोप. अशी सात आहेत. कशी तरतरीत, नाही? तेच तर दुखणं आहे.

तुम्ही म्हणाल, रोप ते रोप, त्यात एवढं काय? तसं नसतं हो. निंबोळी पडली की कडुलिंब कुठंही उगवतो, गटाराच्या कडेलासुद्धा. पण ते त्या झाडाचं पोर झालं — ते झाड नव्हे. तेच झाड हवं तर त्याची फांदी जगवावी लागते, आणि जून फांदी मूळ धरत नाही, माझ्यासारखीच — हसा, हसा. कोवळा कोंब लागतो. मागच्या अंगणातलं कडुलिंबाचं झाड पाइपलाइनसाठी कापलं तेव्हा हिच्या आईला जाऊन वर्ष झालं होतं. झाड तिनं लावलेलं. बुंधा राहिला, आणि त्याला कोंब फुटले, लालसर, तान्ह्या बाळाच्या कानासारखे. अकरा काढले. बोटभर एकेक, खाली तिरपा काप, वर दोनच पानं, छोट्या कुंडीत ओल्या वाळू-मातीत खोचायचं, वरून प्लास्टिकची पिशवी — आणि मग हात लावायचा नाही. चाळीस दिवस. मूळ धरलं का म्हणून ओढून बघितलं की संपलं.

तेवढ्यात माझी छाती भरली. तीन आठवडे दवाखान्यात. रोज हिला विचारायचो — पिशव्या काढल्या नाहीस ना गं? नाही हो बाबा. घरी आलो तर चार वाळलेली, सात हिरवीगार! मी — आता तुम्हाला म्हणून सांगतो — रडलो. आणि मीच म्हणालो, आता तो बुंधा काढा, वाट अडते. मीच हो. मशीन आणून मुळासकट काढला.

काल मोठ्या कुंडीत हलवायला एक सोडवलं. खाली काप नाही. सरळ एकच मूळ, उंदराच्या शेपटीसारखं. बियाचं रोप! दुसरं सोडवलं, तेच. तिसऱ्याला हात झाला नाही. कलमं मेली, एवढं सांगायला काय झालं होतं? बुंध्यावर अजून दहा कोंब होते — पुन्हा लावली असती की! म्हणते, तुमची तब्येत… माझ्या तब्येतीपायी आईचं झाड घालवलं, आणि मी त्या मशीनवाल्याला चहा पाजला. आणि चार वाळलेली तशीच ठेवली, खरं वाटावं म्हणून. एवढी हुशारी हिला सुचली कशी, तेच कळत नाही.

असू दे. लेक आहे. घालीन मी माझी समजूत. तुम्ही आपले उगाच मध्ये सापडलात — हां, बघा ना, तुम्हीच सोडवून बघा, काप दिसतो का.

वा. देठ दोन बोटांत, तळवा मातीवर, कुंडी उलटी, बुडाला एक टिचकी — गोळा अख्खा बाहेर. मीच शिकवलं तुम्हाला, लग्नाच्या पहिल्या वर्षी. हिला कधी जमलं नाही. मान धरून उपटते, मुळं तोडते, लहानपणापासून तशीच.

…दुसरीकडून काढून इथं लावलेली, तरी कालच्या दोन्हींचं एकसुद्धा मूळ तुटलेलं नव्हतं, जावईबापू.

ठेवा ते खाली. हळू — त्याचा काय दोष. जा तुम्ही. तिला सांगा, बाबा रोपांना पाणी घालतायत.