कपाळावरची नोट

पिकीनहून डाकारला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर एक मुलगी बसली होती. पुढच्या थांब्यावर तिची आत्या धापा टाकत चढली आणि तिच्या शेजारी बसली.

“बारशाला गायलीस म्हणे, रोखाया.”

“कोण म्हणालं, आत्या?”

“भर मांडवात तुझ्या कपाळावर नोट चिकटवली, सगळ्यांनी पाहिलं. घेतलीस?”

“घेतली. गाणाऱ्याला देतातच ना.”

“भाटांना देतात. आपलं देणारं घराणं. आणि आता कुठे निघालीस?”

“टीव्हीवर. संध्याकाळी बातम्यांनंतर गायचंय.”

“बातम्या झाल्या की तुझा बाप टीव्ही बंद करतो का?”

“नाही करत. म्हणून तर नाव मी सेक सांगितलंय.”

“सेक? भाटांचं आडनाव?”

“बाबांच्या आडनावाला बोल लागू नये म्हणून.”

“बाप जिवंत असताना दुसऱ्याची लेक झालीस. आणि तो तुझं तोंड ओळखणार नाही, असं वाटतं तुला?”

“घरात घेतील का गं मला?”

“ते मला विचारू नकोस. गाणार काय आहेस?”

“तू भांडी घासताना म्हणतेस ते.”

“ते? त्याचं दुसरं कडवं तुला कुठे येतं?”

“बारशाला पहिलंच दोनदा म्हटलं.”

“टीव्हीवर चालेल का ते? सरक इकडे. कान दे.”

“आत्या, बस भरलीय.”

“म्हणूनच कान दे म्हटलं.”